सातही जय्यद

हक्क ही फार टिकाऊ वस्तू आहे. वापरली नाही, तर माणूस मरेपर्यंत ती अगदी कोरी राहते. अम्मानमधल्या जुन्या गाड्यांच्या ग्राहकांनी आपले हक्क असेच जपून ठेवले आहेत, त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. मुंझिरने मात्र आपले हक्क वापरायला काढले.

मुंझिर पाणीखात्यात नकाशे काढायचा. कागदावर विश्वास ठेवणारा, साधा माणूस. त्याची बायको रबाब जवळच्या सल्त गावातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. शाळेचा नियम असा, की वर्षात तीनदा उशीर झाला की पुढचा करार नाही. सल्तला बस जाते, पण भरल्याशिवाय निघत नाही (भरली की निघते, असेही नाही). म्हणून गाडी घ्यायचे ठरले आणि तीही जुन्या गाड्या विकणाऱ्या अबू फव्वाजकडून, कारण त्याच्या आत्याची सून मुंझिरची चुलतबहीण. नात्यातला माणूस फसवणार नाही हे एक, आणि फसवलेच तर गोष्ट घरातल्या घरात राहील हे दुसरे.

गाडी पांढरी होती आणि तिच्याबरोबर तपासणी केंद्राचा अहवाल होता. हे केंद्र सांगाड्याची चार टोके, इंजिन, गिअर आणि मागचा आस अशा सात गोष्टी पाहते आणि प्रत्येकीसमोर शेरा मारते. ठीक असेल तर शेरा ‘जय्यद’. (मराठीत तयारी जय्यत असते, इथे गाडी.) मुंझिरच्या गाडीला सातही जय्यद होते. सात जय्यद म्हटल्यावर खरेदीदार पुढे काही विचारत नाही. विचारले तर तो अहवालाचा अपमान समजतात. गाडी चालते का, असा आठवा मुद्दा अहवालात नाही. केंद्रातल्या जाणकारांच्या मते चालणे हा गाडीचा भाग नसून स्वभाव आहे.

पहिल्या दोन महिन्यांत गाडी तेवीस वेळा बंद पडली. अकरा वेळा चढावर, सहा वेळा सिग्नलला, चार वेळा शाळेच्या अलीकडच्या वळणावर आणि दोनदा घरासमोर, उभ्या उभ्या, कुणी हातही लावला नसताना. वळणावरच्या चारांपैकी दोन वेळा रबाब उरलेले अंतर पळत गेली. उरलेल्या दोन वेळा तिच्या नावापुढे उशीर लागला.

मुंझिर अबू फव्वाजकडे गेला.

“अबू फव्वाज, गाडी बंद पडते हो.”

“कुठे?”

“चढावर.”

“मग चढावर कशाला नेतोस बाबा? अहवाल काढ. त्यात कुठं लिहिलंय, चढते म्हणून?”

मुंझिरने अहवाल काढून खरोखरच पाहिला. तसे लिहिलेले नव्हते. अम्मानमध्ये चढ टाळून जाता येते, पण फक्त उतारावरून.

मग तो ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या कार्यालयात गेला. तिथल्या सिहामबाई सभ्य आणि तत्पर होत्या. अर्ज चौदा रकान्यांचा होता आणि तपासणीसाठी गाडी कार्यालयात आणायची होती. पहिल्या खेपेला गाडी वाटेतच बंद पडली, त्यामुळे तपासणी झाली नाही. दुसऱ्या खेपेला पोचली.

“चालत आली?” सिहामबाईंनी विचारले.

“आली.”

“मग तक्रार काय आहे, भाऊ?”

तिसऱ्या खेपेला त्याने ती दुसऱ्या गाडीला बांधून आणली. तेव्हा बाईंनी नियम दाखवला: ओढून आणलेल्या गाडीतला दोष ओढल्यामुळे झाला, असे धरावे. मुंझिरने नियम दोनदा वाचला. त्यात कुठेही फट नव्हती. नकाशे काढणारा माणूस, त्याला मनातून आदरच वाटला. तरी बाईंनी माणुसकी दाखवून अर्जाला क्रमांक दिला आणि अबू फव्वाजला एक पत्र धाडले.

पत्र दुपारी पोचले आणि संध्याकाळपर्यंत मुंझिरला नातेवाइकांचे एकोणीस फोन आले. चुलतबहिणीच्या सासरच्या माणसावर सरकारी कागद! शेवटी रबाबचे मामा हाज मिस्बाह स्वतः आले. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शाळा तपासनीस, एकेचाळीस जाहांचे प्रमुख. जाहा म्हणजे प्रतिष्ठित पुरुषांचे शिष्टमंडळ. मुलगी मागायला जाते, खून मिटवायलाही जाते.

“कागद मागे घे, पोरा,” मामा म्हणाले. “कागदाला कुणी लाजत नाही. अकरा माणसं दारात उभी राहिली की लाजावंच लागतं. गाडी परत घेतो म्हणेल, बघ तू.”

“आणि नाही म्हणाला तर? मागे घेतलेला अर्ज पुन्हा करता येत नाही, मामा.”

“एकेचाळीस जाहा केल्यात मी. नाही म्हणायला अजून कुणी जन्मलेलं नाही.”

मामांचा भरवसा पोकळ नव्हता. जाहेचा कायदा कार्यालयाच्या कायद्यापेक्षा आटोपशीर आहे. यजमान कडू कॉफी देतो. प्रमुख कप न उचलता समोर तसाच ठेवतो आणि मागणी सांगतो. यजमान म्हणतो, “प्या कॉफी, तुमचं काम झालं.” मग सगळे पितात. पाहुणा कॉफी न पिता उठून गेला तर यजमानाला वर्षभर तोंड दाखवायला जागा नसते. आणि मागणीआधीच प्यायला, तर त्याला काही मागायचेच नव्हते. सगळा दावा त्या भरलेल्या कपात असतो.

मुंझिरने अर्ज मागे घेतला. शुक्रवारी नमाज आटोपून जाहा निघाली. निघताना रबाब म्हणाली, “मामा, माझी नोकरी तुमच्या हातात आहे. आधी कपाला हात लावू नका हं.”

“मला शिकवतेस?” मामा हसले.

पुरावा म्हणून ते तक्रारीच्याच गाडीत बसले. अबू फव्वाजचे घर टेकडीच्या माथ्यावर. गाडी अर्ध्या चढावर थांबली. प्रमुखाला टाकून जाहा पुढे जात नाही आणि पुराव्याला टाकून प्रमुख जाईना. तेव्हा कडक इस्त्रीच्या कोटातल्या आणि काळ्या पायघोळ अब्यातल्या अकरा सन्माननीय पुरुषांनी, जूनच्या उन्हात, ती गाडी आठशे मीटर ढकलत वर नेली. प्रमुख म्हणून मामा मधोमध होते. गाडी बंद पडते याची एवढ्या मान्यवरांनी एकाच वेळी खात्री करून घेतल्याचे दुसरे उदाहरण निदान त्या टेकडीवर तरी नाही.

अबू फव्वाजने सगळ्यांना कवटाळले, गाद्यांवर बसवले आणि रिवाजाप्रमाणे आधी कॉफी आणली. पाणी नंतर असते. मामांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी कप घेतला आणि एका घोटात रिकामा केला.

वाढणाऱ्याने पुन्हा ओतले. पुरे म्हणायचे तर कप हलवायचा असतो, पण मामांचे हात ढकलून बधिर झाले होते. ते तीन कप प्यायले. तिसऱ्यानंतर त्यांना आपण काय केले ते कळले आणि त्यांनी मुंझिरकडे पाहिलेच नाही.

अबू फव्वाज उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

“माझ्या घरी आलात, कॉफी घेतलीत. आता आपल्यात काही उरलं नाही! मुंझिर, भावा, गाडी कशी काय चाललीय?”

बोलावे तर मामांची चौऱ्याहत्तर वर्षांची अब्रू जात होती. मुंझिरचे कान तापले. अशी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

“जय्यद,” तो म्हणाला.

मग सगळ्यांनी कॉफी घेतली. वर बकलावाही होता. कार्यालयाच्या नोंदवहीत हे प्रकरण ‘सामोपचाराने मिटले’ या सदरात गेले. (या सदरात दर शंभरांतली चौऱ्याण्णव प्रकरणे असतात, उरलेल्या सहांची गाडी अजून कार्यालयात पोचायची आहे.)

रविवारी (तिथे आठवड्याची शाळा रविवारी सुरू होते) शाळेच्या वळणावर रबाबचा तिसरा उशीर झाला. करार गेला. ती रडली नाही, पण आठवडाभर तिने घरात कॉफी केली नाही.

आता सल्तला जायचे नव्हते, तेव्हा मुंझिरने गाडी विकायला काढली आणि या वेळी नियम आधी वाचला. विकणाऱ्याने दोष जाहीर करावेत. जाहीर झालेल्या दोषांवर तक्रार चालणार नाही. कुठे आणि कोणत्या भाषेत, याबद्दल नियम गप्प आहे. त्याच्या इमारतीत तळमजल्यावर वीस वर्षे एक मराठी भाडेकरू राहतो. मुंझिरने त्याला सगळे दोष तारीखवार सांगितले आणि त्याच्या भाषेत छापून आणायची विनंती केली. ते वर छापले आहेत.

गाडी लुजैन नावाच्या मुलीने घेतली. रबाबच्या जागेवर लागलेली नवी शिक्षिका.

“तिला सांग ना,” रबाब म्हणाली.

“जाहीर केलंय,” मुंझिर म्हणाला.

लुजैनला मराठी येत नाही. तुम्हाला येते. तुम्ही शेवटपर्यंत वाचलेत, मध्ये दोन-चारदा हसलातही, आणि हरकत काही घेतली नाहीत. विक्रीच्या कागदावर साक्षीदारांच्या रकान्यात तुमचेच नाव घातले आहे.