साहेबांचा हिरवा शेरा

साहेब तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून आले, ते वारं प्यायल्यासारखेच! विषय होता 'संवादातून नेतृत्व'. जेवताना त्यांनी बायकोला जाहीर करून टाकलं, "महिन्याभरात बघच! आमच्या कार्यालयात भिंतीसुद्धा बोलायला लागतील!"

"भिंतींचं राहू द्या," बायको म्हणाली. "मी मघापासून विचारतेय, आणखी वाढू का? तेवढं बोला."

साहेबांना ते ऐकूच गेलं नाही. ते मनात आदेशाचा मसुदा लिहीत होते. आज तो आदेश आठवला तरी त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं.

आदेश असा, की यापुढे एकही फाईल नुसत्या सहीने पुढे सरकणार नाही. साहेब संबंधित माणसाला समोर बसवून, त्याचं ऐकून मगच निर्णय घेतील. विचार काही वाईट नव्हता हो! साहेब फाईल उघडत, हिरव्या शाईत झोकात शेरा मारत, 'चर्चा करावी', आणि फाईल परत पाठवत. दिवसाला साठ फायली! टेबल कसं लख्ख! त्यात साहेबांना स्वतःचा चेहरा दिसे आणि तो त्यांना भलताच आवडे.

पण चर्चेला माणसं येत, तेव्हा साहेब जागेवर नसत. संवाद वाढवण्यासाठी त्यांनी चार समित्या नेमल्या होत्या आणि चारही समित्यांचे अध्यक्ष तेच! दिवसभर बैठका. केबिनबाहेरच्या बाकावर कारकून फायली मांडीवर घेऊन ताटकळत बसायचे. पंधरा दिवसांत बाक पुरेना. मग साहेबांनी तोडगा काढला, चर्चेची वेळ मागायचा छापील अर्ज. अर्जांची फाईल झाली. ती साहेबांकडे आली. साहेबांनी सवयीने त्यावरही शेरा मारला, 'चर्चा करावी'!

एकदा शिपाईमामांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "साहेब, व्हरांड्यातला नळ गळतोय. प्लंबरला बोलवायचंय, नुसती सही द्या."

"मामा, सही काय कोणीही करेल. आपण बोलून ठरवू."

"मग आत्ता बोलतोच आहोत की!"

"असं उभ्या उभ्या नाही हो. फाईल घेऊन या." आणि साहेब बैठकीला पळाले. मामांनी कपाळाला हात लावला, नळाखाली बादली ठेवली आणि दर तासाला ती ओतायचं काम गळ्यात घेतलं.

नळाचं ठीक आहे हो, पण एक फाईल आवक-जावकच्या बाईंची होती. बाई दिवसभर टपाल घेत आणि नोंदवत. त्यांची म्हातारी आई दूर गावी एकटी, घसरून पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं. बाई शनिवारी बस पकडत आणि सोमवारी उतरून थेट कामावर येत. आईच्या गावच्या शाखेत एक जागा रिकामी होती. साहेबांची दोन ओळींची शिफारस महिनाअखेरपर्यंत वर पोचली, तर ती बाईंना मिळणार होती. नाही पोचली, तर दुसऱ्या कोणाला.

महिन्याच्या नेमक्या शेवटच्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे साहेबांच्या साहेब, तपासणीला आल्या. साहेबांनी मामांना स्वागतासाठी फाटकाशी उभं केलं. मग बादली कोण ओतणार? व्हरांडाभर पाणी! मोठ्या बाईंचा पाय सर्रकन घसरला आणि त्यांची पर्स त्या पाण्यात पडली.

"कधीपासून गळतोय हा नळ?"

"महिना झाला, बाई," मामा म्हणाले. "चर्चा व्हायचीय."

"कोणाशी? नळाशी?"

साहेब उगीचच हसले. दुसरं कोणीच हसलं नाही.

"फाईल आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. मामांनी चर्चेसाठी तुंबलेला अख्खा गठ्ठाच आणून ठेवला. मोठ्या बाईंनी वरचीच फाईल उघडली. ती आवक-जावकच्या बाईंच्या बदलीची होती. त्या सर्वांसमोर वाचू लागल्या.

"'चर्चा करावी.' खाली लिहिलंय, 'चर्चेस आले. साहेब बैठकीत.' पुन्हा, 'चर्चेस आले. साहेब बैठकीत.' असं नऊ वेळा. आणि दहाव्या वेळी, 'चर्चेस आले. साहेबांनी मान हलवली व पुढे गेले.'"

साहेबांचे कान तापले. कोणाला बघून मान हलवली होती, ते काही केल्या आठवेना.

"आज शेवटची तारीख आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुठे आहेत या?"

साहेबांनी अंगात उसनं अवसान आणलं. "मामा, बोलवा बघू त्यांना!"

मामा जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, "साहेब, त्या तुमच्या शेजारीच उभ्या आहेत."

बाई मोठ्या बाईंची ओली पर्स पुसत होत्या. त्यांचं टेबल साहेबांच्या दारासमोर! साहेब इथे आल्यापासून आठ महिने रोज सकाळी जागेवरून उठून नमस्कार करणाऱ्या त्याच या बाई! सगळं कार्यालय साहेबांकडे पाहत होतं आणि साहेब पायाखालच्या पाण्याकडे.

"शिफारस लिहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आत्ता. मी बरोबर घेऊन जाते."

दोन ओळी लिहायला साहेबांना दोन मिनिटं लागली. महिनाभर अडवून ठेवलेलं काम दोन मिनिटांचं होतं!

संध्याकाळी सगळे निघाल्यावर ते बाईंच्या टेबलापाशी गेले. बाई पिशवी भरत होत्या, त्या सवयीने उठून उभ्या राहिल्या.

"बसा, बसा. बाई, माझं चुकलं. फार चुकलं. मला तोंड दाखवायची लाज वाटतेय. तुमचा माझ्यावर राग असेल ना?"

"छे हो, साहेब!" बाई म्हणाल्या. "राग यायला माणूस ओळखीचा तरी हवा. तुमची माझी भेटच कुठे झाली?"

टोमणा असता तर साहेबांनी निमूट ऐकून घेतला असता हो. पण बाई अगदी सरळ मनाने बोलल्या होत्या.