धुरपताचा वाढदिवस आणि हातभर बांगड्या

मी चौथी पास आहे. पाचवीत मास्तरशी भांडलो आणि पुढचं शिक्षण माझं मीच केलं. त्यामुळे मला कळत नाही अशी गोष्ट सौंदडात तरी नाही, असं माझं त्या वर्षीच्या रोवणीपर्यंत, म्हणजे धानाच्या लावणीपर्यंत, ठाम मत होतं. समाज कसा सुधारावा यावर मी नागपूरच्या पेपरांना इतके लेख पाठवले, की संपादक आता माझं अक्षर पाहूनच पाकीट परत टपालात टाकत असावा. भित्रट लेकाचे!

तर झालं असं. उरलंसुरलं धान विकायला गोंदियाला गेलो होतो. अडत्याच्या घरी त्याच्या पोराचा वाढदिवस चालू होता. पोराच्या गळ्यात हार, पाहुण्यांच्या पुढ्यात बासुंदी, कोपऱ्यात फोनो. आणि त्या पोराला रात्रंदिवस सांभाळणारी बाई? ती मागच्या पडवीत खरकटी भांडी घासत बसलेली! माझं डोकंच फिरलं. या बाईचा कधी वाढदिवस नसतो का? ती काय झाडाला लागली होती? परतीच्या गाडीत मी डब्यातल्या लोकांना यावर भाषण दिलं. दोघेजण मधल्याच स्टेशनावर उतरून गेले. त्यांना तिथं उतरायचं नव्हतं, असा माझा अंदाज आहे.

घरी पाय ठेवल्याबरोबर मी गर्जना केली, "आपल्या धुरपताचा वाढदिवस करायचा!"

धुरपता म्हणजे आमच्या जमनाला सांभाळणारी बाई. कमी वयात विधवा झाली आणि कोहमाऱ्याहून आमच्याकडे आली. जमना नुकती पावलं टाकायला लागलेली, पण हट्ट असा की तहसीलदार शरण येईल! धुरपतानं भरवलं तरच घास गिळायची, धुरपतानं थोपटलं तरच झोपायची. आईनं उचललं की रडायची, आणि मी उचललं की पाय झाडत असं किंचाळायची की शेजारी काठ्या घेऊन यायचे. रोवणीच्या दिवसांत माझी बायको शामकला बांधावर उभी राहून बायांकडून काम करून घेऊ शकत होती, ती केवळ धुरपताच्या जिवावर. धुरपता गेली की घर आणि रोवणी दोन्ही बसली!

"धुरपता, तुझा जन्म कधीचा?" मी विचारलं.

"रोवणीतला जी."

"तारीख?"

"माय चिखलात उभी होती. थिनं रोवना पाहावा का तारीख?"

मी मंगळवार ठरवला. बाजाराचा दिवस, भरपूर माणसं. सुधारणा करायची तर लोकांनी पाहिली पाहिजे! लपून करायला मी काय चोर आहे?

आता भेट काय द्यायची? शामकला म्हणाली, "पितळेचा गडवा द्या. गडवा देल्लं की कोनी काई बोलत न्हाई."

"कोणी काही बोलत नाही, अशी भेट देऊन उपयोग काय?"

"मंग छत्री द्या. पान्यापावसाची लेकरू घेऊन फिरते थे."

छत्री! मला छत्रीनं समाज बदलायचा नव्हता. धुरपताचं ते धुवट पांढरं लुगडं आणि बिनबांगड्यांचे हात डोळ्यांपुढे आले आणि संताप अनावर झाला. काय गुन्हा केला होता तिनं? नवरा तापानं मेला, तर शिक्षा हिला? नाही! तिला लालभडक लुगडं देईन आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरीन! बेत इतका आवडला की मी तो बायकोलाही सांगितला नाही. ती बिचारी मंगळवारी सकाळी, 'मालकानं छत्रीच आनली असन', असं समजून बांधावर निघून गेली.

मी भर बाजारात, लिंबाच्या झाडाखाली धुरपताला बोलावलं. ती जमनाला कडेवर घेऊन आली. मी सर्वांसमोर लाल लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं आणि कासाराला ओरडलो, "भर रे बांगड्या, हातभर!"

सगळा बाजार वळून पाहू लागला. वांगी तोलणारा पारडं हातात घेऊन तसाच थिजला. मला वाटलं, यालाच परिणाम म्हणतात! धुरपताचा एक हात जमनाच्या खाली अडकलेला, दुसरा कासाराच्या मुठीत. तिचं तोंड उघडं ते उघडंच. कासार मात्र मेला हसत हसत भरत होता. शेवटची बांगडी चढली आणि मागून एका म्हातारीनं हात जोडले, "बरं झालं माय! धुरपताचं पुन्हा भलं झालं. पाट लागला!"

पाट!

माझ्या पायांखालचा बाजार सरकला. आमच्याकडे विधवेचं पुन्हा लग्न, म्हणजे पाट, लागतो तो असाच! भटजी नाही, वाजंत्री नाही. पुरुषानं चारचौघांत रंगीत लुगडं द्यायचं, बांगड्या भरायच्या, बाईनं हात मागे घेतला नाही की झाली बायको. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी असे कितीतरी पाट पाहिले, त्यांच्या पंगती जेवलो! पण माणूस अन्यायावर चिडलेला असला की त्याला समोरचा खांबही दिसत नाही.

"अरे, हा वाढदिवस आहे!" मी बोंबललो.

"हौ हौ," वांगीवाला म्हणाला, "मोठ्या मानसाचा पाट हाये, म्हनून वाढदिवस म्हनाचं!"

बातमी बांधाबांधानं धावत शेतात पोचली. पहिल्या बांधावर 'पाट लागला' होती, तिसऱ्या बांधावर 'दोघं गाडीनं नागपूरला पळाले' झाली. शामकला आली ती गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात धानाच्या रोपांची पेंढी घेऊन. ती पेंढी तिनं माझ्या तोंडावरच रोवली!

"जमनीचे बाप! काऊन जी, मी मेली होती का?"

"अगं, भेट दिली मी! भेट!"

"मी गडवा म्हनलं, छत्री म्हनलं! तुमाले सवतच भेटली का देयाले?"

तेवढ्यात बैलगाडी करकचत आली. धुरपताचा भाऊ चैतराम बाजाराला आला होता आणि वाटेतच त्याला आनंदाची खबर लागली होती. त्यानं उतरल्याबरोबर माझ्या गळ्यात मिठी मारली. "राम राम, जावई!"

"मी जावई नाही! धुरपताचा वाढदिवस होता."

"वाढदिवस म्हंजे?"

"माणूस जन्मतो तो दिवस."

"थे त सगळेच जन्मले! त्याचे लुगडे कोन वाटते?" चैतरामचा चेहरा हळूहळू लाल लुगड्याच्या रंगाचा झाला. "म्हंजे तुमी माया बहिनीले बजारात बांगड्या भरल्या, अन आता नांदवत न्हाई? चाल वो धुरपता, बस गाडीत! या घरी पानी बी पेयाचं न्हाई!"

त्यानं धुरपताचा हात धरला. जमनानं भोंगा काढला. शामकलानं तिला घ्यायला हात पुढे केले, तर भोंगा दुप्पट झाला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. सवत नको होती, पण धुरपताही जायला नको होती! आणि हे दोन्ही माझ्यामुळे एकाच बैलगाडीत बसलं होतं.

मी ओरडलो, "पंच बोलवा!"

टिकाराम पाटील आणि आणखी म्हातारे लिंबाखाली बसले. मी कायदा काढला. "एक बायको असताना दुसरी केली की तुरुंग! सरकारनंच तसं केलंय!"

"हौ," टिकाराम म्हणाले, "तूच इथं उभा राहून सांगतलं होतंस. मंग बांगड्या भरताना का झोपला होतास?" बाजार हसला. ते धुरपताकडे वळले. "बाई, तूच सांग. तुले हा मान्य हाये का?"

आतापर्यंत या बाईला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा! तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात किडकं वांगं पाहतात तसं.

"हा? न्हाई जी!"

"काऊन?"

"दिवसभर रागावून राहते. कोनावर रागावते, थे बी मालूम न्हाई. भात थंडा होते, हा बोलूनच राहते. जोडा हरपला, धुरपता पाह्य! चष्मा हरपला, धुरपता पाह्य! जमना लहान हाये, थे उद्या मोठी होईन. हा कवा मोठा होईन?"

सुटलो! मी देवाचं नाव घेणार, तोच शामकला उसळली. "काऊन वो धुरपता! माया नवऱ्यात एवढी का खोट हाये?"

"मंग तुमीच सांगा ना बाई. का चांगलं हाये?"

शामकलानं तोंड उघडलं. सगळा बाजार कान देऊन थांबला. मीही थांबलो.

"थे... धान इकताना फसत न्हाई!"

"गेल्या साली फसला!" मागून कोणीतरी म्हणालं.

"त मंग..." ती विचारात पडली. फार वेळ पडली. "आवाज मोठा हाये!"

एवढंच! संसाराची एवढी वर्षं आणि आवाज मोठा!

टिकाराम पाटलांनी हात वर केला. "पाट झाला न्हाई. धुरपता, लुगडं-बांगड्या वापस कर."

"कायले? मले आवडल्या." धुरपतानं हात उंच करून बांगड्या खणखणवल्या आणि पहिल्यांदाच हसली. "वाढदिवस म्हनले ना मालक? मंग वाढदिवसाचंच राहू द्या. फकस्त मानूस वापस!"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. असा निकाल सौंदडात कोणी ऐकला नव्हता, पण त्यात चूकही कोणाला सापडली नाही. चैतराम मात्र गाडीच्या जोखडाला टेकून डोळे पुसत होता. जावई तर गेलाच, वर पाटाचं जेवणही गेलं!

आम्ही घराकडे निघालो. पुढे लाल लुगडं मिरवत धुरपता, तिच्या कडेवर बांगड्या चोखणारी जमना. मागे शामकला आणि सर्वांत मागे, तोंडावरचा चिखल पुसत, मी. अर्ध्या वाटेत मला राहवेना.

"शामकला, एवढ्या लोकांसमोर तू तरी माझी बाजू घ्यायची होती!"

"घेतलीच त!" ती मागे न पाहता म्हणाली. "घोरन्याचं मी सांगतलं का?"