मशीनची विचारपूस करणारी प्रज्ञा

आमची प्रज्ञा दवाखान्यात गेली की माणसाच्या आधी मशीनची विचारपूस करते. माझे आजोबा ॲडमिट होते तेव्हा भेटायला आली, "बरं हाय ना, आजोबा?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता सलाइनच्या पंपाला कान लावून बसली. "ह्याचा आवाज बरा न्हाई." आजोबांचं बीपी तिथंच वाढलं.

नांदेडच्या कॉलेजात आम्ही दोघी बायोमेडिकल इंजिनिअरिंगला आहोत. दवाखान्यातली यंत्रं बनवायची, दुरुस्त करायची, हे आमचं शिक्षण. मुलींनी इकडं यावं म्हणून कॉलेज आम्हाला शाळाशाळांत पाठवतं. सगळ्यात पुढं प्रज्ञा. कुणी "म्हणजे डॉक्टरच ना?" असं विचारलं की ती चवताळते. "डॉक्टर न्हाई! डॉक्टर ज्याच्या भरवशावर इलाज करतो, ते आम्ही!" भोकरच्या एका मुख्याध्यापकांना तिनं हे भर सभेत तीनदा ऐकवलं. आभार मानताना ते पुन्हा 'डॉक्टर ताई' म्हणाले, तेव्हा मी तिला ओढणीला धरून खाली बसवलं.

मागच्या महिन्यात लातूरच्या एका शाळेत गेलो. बारावीनंतर दोन वर्षं प्रज्ञा याच शहरात 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी राहिली होती. मेडिकलला नंबर लागला नाही. त्याबद्दल ती कधी बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. "ताई, मला हे लई आवडलं. पण घरी डॉक्टरच पाहिजे. तुमच्या घरी काय म्हणाले?"

मुलींना दाखवायला आणलेल्या ईसीजी मशीनच्या वायरी गुंडाळता गुंडाळता प्रज्ञा थांबली. "माझे बाबा आमच्या गावात, बिलोलीत, सगळ्यांना सांगतात, पोरगी डॉक्टर होऊन राहिली. मी काही बोलत न्हाई."

"का?"

"सांगताना लई खुश दिसतात."

मुलगी गेली. स्टँडवर नांदेडच्या गाडीला वेळ होता. प्रज्ञानं घरी फोन लावला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला.

"बाबा, मी डॉक्टर होणार न्हाई. ठाऊक हाय ना तुम्हाला?"

"हाव, ठाऊक हाय की." बाबा म्हणाले. "पण मी तसं म्हटलं की तू गप ऐकत बसतीस. मला वाटतं, तुला बरं वाटत असंल. म्हणून म्हणतो. तुला डॉक्टर व्हायचंय ना अजून?"

ती काय बोलते म्हणून मी बघत राहिले. प्रज्ञानं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि तोंड पलीकडं फिरवलं. गाडी फलाटाला लागली, माणसं धावली, मी दोघींच्या पिशव्या उचलल्या.

तेव्हा कुठं ती हळूच म्हणाली, "हाव, बाबा."