परबकाकांचं उणे सात

मे महिन्यात, विक्रोळीत, भर दुपारी माकडटोपी घालून दळण आणायला जाणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या समोरच्या दारातले परबकाका.

"काका, पस्तीस डिग्री आहे!"

"ती तुमच्याकडे. आमच्याकडे चार," म्हणून ते जिना उतरायचे.

'आमच्याकडे' म्हणजे फिनलंडमधलं एक विद्यापीठाचं गाव. काकांची एकुलती एक मुलगी मृण्मयी तिथे एमएस करत होती. काकांनी स्वतः मुंबई आणि मालवण सोडून काही पाहिलं नव्हतं. कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढली, बायको लवकर गेली, पोरगी एकट्यानं वाढवली. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कचऱ्याचा विषय निघाला की हे उभे. "आमच्याकडे बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा!" सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले, "परब, मग मतदान पण तिकडेच करा!"

रोज संध्याकाळी तिचा फोन झाला की काका आमचं दार वाजवायचे. पहिल्या वर्षी खूप बातम्या असायच्या. ती बर्फात सायकलवरून पडली, तिनं रूममेटला सोलकढी पाजली, सरांनी तिला शाबासकी दिली. दुसऱ्या वर्षी नुसतं तापमान. "आज उणे सात. वारा पण आहे." आम्ही दार लावून हसायचो.

मग जानेवारीत मृण्मयीचा मला मेसेज आला. दहावीला मी तिला गणित शिकवलं होतं. 'दादा, चार महिने मी लेक्चरला गेले नाहीये. खोलीतून बाहेरच पडवत नाही. बाबांना तू सांगशील?'

मी गेलो तेव्हा काका मोरीशी बसून बांगडे साफ करत होते. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांची सुरी चालूच होती.

"माका ठाऊक आसा," ते म्हणाले.

"कसं?"

"जेवलीस का विचारलं, गप्प. अभ्यास विचारला, गप्प. थंडी किती विचारली की तेवढं सांगायची. मग मी तेच विचारत राहिलो. नाहीतर फोनच उचलायची नाही, अशी भीती वाटायची रे."

"मग 'परत ये' का नाही म्हणालात?"

आता सुरी थांबली. "अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलो होतो ना मी. कुठल्या तोंडानं येणार ती? माझ्यामुळेच अडकली पोरगी."

त्यांचे हात माशांनी भरलेले होते. मीच फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"बाय गो, घराक ये," काका म्हणाले. "डिग्री नको. तू ये."

ती रडायला लागली. काका ऐकत राहिले. माझा हात अवघडला, तरी त्यांनी फोन ठेवू दिला नाही.

तिला येऊन आता दोन महिने झाले. दिवसभर झोपून असते. डॉक्टरांची औषधं चालू आहेत. काकांनी बेल काढून टाकलीय आणि दाराबाहेर खुर्ची टाकून तेच बसतात. कुणी चौकशीला आलं की "झोपलीय" म्हणून परत पाठवतात.

काल मला मात्र त्यांनी खूण करून जवळ बोलावलं.

"आज भांडली माझ्याशी," ते कुजबुजले. "आमटी खारट झाली म्हणून. चांगली ओरडली."

आणि तोंड भिंतीकडे वळवून ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.