मोकळ्या मनाचं लाकूड

लाकडी जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ती खराट्यानं घासणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या. तेव्हा मी पासष्टची होते, पण अक्कल कोवळीच होती. अजून नातवंडं मला पोछा धरू देत नाहीत.

जमीन होती शेजारच्या आनंदरावांची. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. घरी कुणीही येवो, चहाच्या आधी त्याच्या हातात त्याच जमिनीच्या लाकडाची, रेड ओकची, वीतभर पट्टी आणि पाण्याचा पेला. "एक टोक पाण्यात बुडवा, पावणं. दुसरीकडनं फुंका." पेल्यात बुडबुडे उठतात. "बघितलासा? आरपार नळ्या हायत. अमेरिकेचं झाड, पण मोकळ्या मनाचं."

फळ्या आमच्या कळंब्यात आल्या, तेव्हा त्या आठवडाभर खोलीत पंख्याखाली नुसत्या पडून होत्या आणि मास्तर बाहेर सोप्यात झोपत होते. "लांबनं आल्यात. हितली हवा मानवू दे." बसवताना भिंतीच्या कडेनं बोटभर फट ठेवायला लावली. "पावसाळ्यात फुगतंय ते. अंग पसरायला जागा नको?" हे इतक्यांदा ऐकून सुतार शेवटी कानात कापूस घालून येऊ लागला.

खटाटोप सगळा बायकोसाठी. मालनबाई फरशीवर घसरल्या, खुबा मोडला. हाड जुळलं, डॉक्टर आता चालायला लागा म्हणाले, पण गुळगुळीत फरशी बघून पाय खाली येईना. म्हणून हे लाकूड. सागवानापेक्षा टणक, तळव्याला ऊबदार, अंगच्या रेघांनी पाय धरून ठेवणारं. तरी बाई कॉटवरच. मास्तर रोज अनवाणी येरझाऱ्या घालून दाखवायचे. "घसरतंय का बघ. न्हाय की." बाई भिंतीकडे तोंड करायच्या.

एकदा ते बाजारात गेले आणि मी बाईंच्या सोबतीला बसले. लाकडाचा तांबूस रंग मला मळ वाटला. ओतली बादली.

"अगं बया, लाकूड हाय ते. मास्तरांचा जीव हाय त्यात." असं ओरडत मालनबाई कॉटवरनं उतरल्या, भिंत धरून माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या हातातला खराटा हिसकावून घेतला.

दारात पिशवी घेऊन मास्तर उभे. पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

पुढं फळ्यांच्या कडा वर आल्या, पन्हाळ्याच्या पायवाटेसारखी खोली उंचसखल झाली. मी माफी मागायला गेले, तर मास्तर म्हणाले, "लाकूड काय, वाळलं की बसंल, वैनी. तुम्ही तेवढं हिला रोज चिडवायला येत जावा."