घरून तपासणी

व्हिडिओवर बोलायचं ॲप बंद करा, असा सरकारी हुकूम आला आणि कारकुनानं बटण दाबलं. दुपारी चार वाजता त्याच्याच आईचा फोन आंधळा झाला. चार म्हणजे ताईची वेळ. ही ताई, म्हणजे कारकुनाची मावशी, परदेशात मुलाकडे राहायची. तिची नजर झपाट्यानं जात होती; डॉक्टरांनी जेमतेम सहा महिने सांगितले होते. तोवर रोज एकमेकींना बघून घ्यायचं, असं बहिणींचं ठरलं होतं.

"अरे, ताई दिसेना!" तो घरी येताच आई म्हणाली.

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. "वायर खराब झाली असेल," तो म्हणून गेला.

आता वायर म्हटल्यावर वायरमनला बोलावणं आलंच. त्यानं भिंत उकरली, नवा राउटर बसवला आणि म्हणाला, "काकू, वायर ठणठणीत आहे. वरूनच बंद केलंय."

"वरून म्हणजे गच्चीवरून?" आईनं भाबडेपणानं विचारलं.

"हो, हो, गच्चीच!" म्हणत कारकुनानं वायरमनला गच्चीवर पिटाळलं. तिथल्या खुडबुडीत अख्ख्या इमारतीचे टीव्ही गेले आणि शेजारी भांडायला दारात आले. आईनं मात्र भांडणाऱ्यांनाही चहा करून दिला. तिनं एकदा तरी आदळआपट करावी, असं त्याला फार वाटलं.

चौथ्या दिवशी नवा हुकूम निघाला: बंदी नीट लागू झाली का, हे प्रत्येकानं घरी जाऊन तपासावं. साहेबांसकट सगळं ऑफिस साडेतीनलाच घरी निघालं. आज आईला खरं सांगून टाकायचं, असं ठरवून कारकुनानं हळूच दार उघडलं, तर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज.

"हळू बोल गं ताई," आई फोनला सांगत होती. "वायरमननं पहिल्याच दिवशी चोरवाट लावून दिली. पण आमच्या पोराला कळू द्यायचं नाही. बंद करणं हे त्याचं कामच आहे. आधीच तोंड एवढंसं झालंय बिचाऱ्याचं."

"त्यानंच बंद केलं कशावरून?"

"खोटं बोलताना अजून कान खाजवतो तो."

कारकुनाला भरून आलं. तो चवड्यांवर मागे सरकला, दार लोटलं आणि जिन्यात येऊन बसला. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"काय हो, तुमच्याकडे उघडतंय का?"

"छे, साहेब! अजिबात नाही."

"आमच्याकडेही नाही," साहेब म्हणाले. त्यांच्यामागे त्यांच्या सासूबाई कोणावर तरी ओरडत होत्या, "जरा मागे सरक, नुसतं नाकच दिसतंय तुझं!"

साहेब घाईघाईनं खोकले.

"मग बंदी यशस्वी, असं कळवतो वर," साहेब जरा मोठ्यानं म्हणाले.

"कळवा, साहेब," कारकून म्हणाला आणि भिंतीला टेकून आरामात बसला. मावशी एकदा बोलायला लागली की तासभर तरी थांबत नसे.