नुक्का आणि पडवीतले बूट

कुत्रं मला कळतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. ग्रीनलँडच्या उत्तरेत हे वाक्य बोलायला घसरगाडी ओढणारी स्वतःची कुत्री लागतात, नाहीतर लाज सोडावी लागते. माझी दोन्ही तयारी होती!

मी मूळचा नूकचा, म्हणजे दक्षिणेचा, राजधानीचा. तिकडे ही गाडीची कुत्री नाहीतच. पिपालुकशी लग्न केलं, तिच्या वस्तीत येऊन शाळेत नोकरी धरली आणि कुत्र्यांवर वाचायचा सपाटा लावला. ही जात आपल्या पूर्वजांबरोबर पश्चिमेकडून बर्फावरून आली, तेव्हापासून तिच्यात दुसरं रक्त मिसळू दिलेलं नाही, आजही इकडे दुसऱ्या जातीचं कुत्रं आणायला बंदी आहे, सगळं तोंडपाठ!

"हजार वर्षांची शिस्त आहे मामा, रक्तात!" मी सासऱ्यांना ऐकवायचो.

सासरे एसायास. जन्मभर या कुत्र्यांच्या मागे बसून शिकार केलेला माणूस. ते पाइप तोंडातून न काढता म्हणायचे, "हजार वर्षांत ती एकच गोष्ट शिकलीत, जावईबापू. पुढचं जेवण कधी मिळेल याचा नेम नाही, तेव्हा समोर येईल ते आत्ताच खा."

पुस्तकात हे नव्हतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

माझी गाडी मात्र काही केल्या चालेना. कुत्री तगडी, पण त्यांना म्होरक्या नव्हता. मासेमारीला निघालं की ती अर्ध्या वाटेत भांडायला लागत आणि भांडण मिटलं की एकमताने घरी परतत! वस्ती खिडक्यांतून बघत असे. दुकानातला काराली तर रोज विचारायचा, "आलात? मग मासे मागून चालत येतायत का?"

म्हणून सासरे जेव्हा म्हणाले, "पिपालुकच्या वाढदिवसाला नुक्का तुम्हाला देईन म्हणतो," तेव्हा मी उडालोच! नुक्का म्हणजे त्यांची म्होरकी कुत्री. तिने नुसती मान वळवली की बाकीची मुकाट ओळीत येत.

"पण एक आहे," सासरे म्हणाले. "सकाळी आणून बांधतो. दिवसभर सांभाळा. सूर्य बुडेपर्यंत कुणाची तक्रार आली नाही, तर ती तुमची."

"मामा, तक्रार? माझ्याकडे?"

वाढदिवसाला आमच्याकडे काफेमिक असतं. घर सर्वांना खुलं, टेबलभर केक, कॉफीचे मोठे थर्मास, नारव्हाल या शिंगाच्या देवमाशाच्या कातडीचे तुकडे. लोक येतात, सगळ्यातलं थोडं थोडं खातात आणि पुढच्यांना जागा करून देण्यासाठी लवकर उठतात. बूट अर्थातच पडवीत काढायचे. सणाचा दिवस, त्यामुळे जो तो आपले ठेवणीतले कातडी बूट घालून आला होता. सासूबाई तेवढ्या आपले आणि सासऱ्यांचे बूट पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसल्या. नवे असतील, असं मला वाटलं.

नुक्का पडवीच्या दाराशी होती. सासऱ्यांनी तिला साखळीने बांधलं होतं, पण पाहुण्यांसमोर साखळी कशी दिसते! मी ती काढून सीलच्या कातड्याचा सुंदर नक्षीदार पट्टा लावला.

पहिला घोळका उठायच्या बेतात होता, तेव्हा मी सहज पडवीत डोकावलो. पट्ट्याची फक्त कडी उरली होती. पाहुण्यांचा बूट एकही दिसेना! कोपऱ्यात वस्तीतली दोन मोकाट पिल्लं बुटाच्या शेवटच्या टाचेवरून भांडत होती आणि नुक्का माझ्या रबरी बुटांना टेकून, पोट टम्म फुगवून, घोरत होती.

मी दार घट्ट ओढून घेतलं.

"निघतो आम्ही," काराली म्हणाला.

"छे! एक कप घ्याच!"

"तीन झाले."

"मग केक! पिपालुक, केक कापलास का?"

"अहो, लोक दारात उभे आहेत!" पिपालुक कुजबुजली. "यांना जाऊ द्या ना!"

जाणार कसे? त्यात नवे पाहुणे आले आणि तेही बूट काढू लागले. "बूट घालूनच या!" मी दाराच्या फटीतून ओरडलो. लोकांना आश्चर्य वाटलं, पण आले. जो तो आत येई, बाहेर कुणी जाईना! माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसली, मग पलंगावर, मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. केक संपला. मी शिळी बिस्किटं वाटली.

"काहीतरी मोठी बातमी आहे," कारालीने शेजाऱ्याला सांगितलं. "उगाच नाही थांबवून घेत. निवडणुकीला उभे राहतायत!"

"छे, पिपालुकला दिवस गेलेत!" दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. तिसऱ्याने तर पिपालुकचं अभिनंदनच करून टाकलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा बूट खाणं परवडलं, असं मला वाटलं!

माझा डोळा सारखा खिडकीकडे. सूर्य डोंगरावर टेकला होता. एवढा एक क्षण निभावला की नुक्का माझी! मग बुटांचं बघू.

सूर्य बुडाला, आणि मी काही बोलायच्या आत सासरे ताडकन उठले.

"तक्रार नाही! सगळे साक्षी आहेत! नुक्का आजपासून जावईबापूंची!"

टाळ्या पडल्या. माझा ऊर भरून आला. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

मग कारालीने पडवीचं दार उघडलं.

पुढच्या गदारोळाची तुम्हीच कल्पना करा. "माझ्या आईने शिवलेले!" "लग्नातले होते!" "कुणाची आहे ही कुत्री?"

"ह्यांची," सासरे माझ्याकडे पाइप रोखून शांतपणे म्हणाले. "आत्ताच दिली."

"मामा!"

सासूबाई पिशवीतून बूट काढून आरामात पायांत चढवत होत्या. "माझी एक जोडी शिल्लक ठेवली नाही हो हिने," त्या म्हणाल्या. "ह्यांना बजावलं होतं, या घरात एक तर नुक्का राहील नाहीतर मी. किती दिवस गिऱ्हाईक शोधत होते!"

त्या संध्याकाळी मी पाहुण्यांना एकेक करून घसरगाडीवरून घरी पोहोचवलं. मोजे घातलेले, घोंगड्यांत गुंडाळलेले, शिव्या देणारे पाहुणे! नुक्का पुढे होती. गाडी पहिल्यांदाच सुतासारखी सरळ गेली.

आता सगळ्यांच्या बुटांसाठी सीलची कातडी आणायला मी तिच्याबरोबर रोज बर्फावर जातो. सासूबाई बूट शिवतात. आमच्याकडे कॉफीला येणारे ते मांडीवर घेऊन बसतात.

पडवीत एकटे माझे रबरी बूट असतात. नुक्का येताजाता ते हुंगते आणि तोंड फिरवते. कुत्रं मला कळतं की नाही, कुणास ठाऊक. मी काय लायकीचा आहे, हे मात्र तिला पहिल्याच दिवशी कळलं!